सी हीरो क्वेस्ट: होडीच्या रेघेत विस्मरण शोधताना

पडद्यावर नकाशा उघडतो. वळणावळणाचं पाणी, मधे दोन-तीन बेटं, होडीची जागा आणि १, २, ३ असे आकडे घातलेले थांबे. नकाशा हवा तितका वेळ बघा, कोणी घाई करत नाही. पण एकदा तो मिटला की पुढचं सगळं आठवणीवर. आता आकड्यांच्या क्रमाने एकेक थांबा गाठायचा. पहिला सहज सापडतो, दुसराही सापडतो. तिसऱ्याकडे जाताना बेटाला उजवीकडून वळसा घालायचा होता की डावीकडून, हे आठवेना झालं की होडी जागच्या जागी घुटमळते, थोडी पुढे जाते, मागे फिरते.

खेळणाऱ्याच्या लेखी ती एक चूक असते. हा गेम बांधणाऱ्यांना मात्र नेमकं तेच घुटमळणं हवं होतं.

सी हीरो क्वेस्ट हा मोबाइल गेम मे २०१६ मध्ये आला. पैसा डॉइच टेलिकॉम या कंपनीचा आणि बांधणी लंडनच्या ग्लिचर्स या स्टुडिओची. प्रयोगाचा आराखडा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे ह्यूगो स्पायर्स आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे मायकेल हॉर्नबर्गर यांच्या गटांनी आखला. अल्झायमर्स रिसर्च यूके ही धर्मादाय संस्था सोबत होती. २०१७ मध्ये डोळ्यांवर चष्मा चढवून खेळायची व्हीआर (आभासी वास्तव) आवृत्तीही निघाली. सगळं मिळून ४३ लाखांहून अधिक लोक हा गेम खेळले. स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात असा आकडा त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

स्मृतिभ्रंशावरचा गेम म्हटल्यावर नावं लक्षात ठेवा, शब्दांची यादी परत सांगा, चित्रांच्या जोड्या लावा, असलं काहीतरी असेल असं वाटतं. यात त्यातलं काहीच नाही. आहे ती फक्त वाट.

आधी वाट, मग नावं

स्मृतिभ्रंशाचं सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. या आजारात मेंदूतल्या ज्या भागांना सर्वात आधी झळ पोचते, त्यांत एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स हा भाग येतो. आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या शेजारचा, त्याच्याकडे माहितीची ये-जा करून देणारा हा पट्टा. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या दांपत्याच्या गटाला इथेच ग्रिड पेशी सापडल्या. आपण हिंडतो तेव्हा या पेशी जागेवर जणू षटकोनी जाळी टाकून किती अंतर आलो, कुठल्या दिशेला वळलो याचा हिशेब ठेवतात. हिप्पोकॅम्पसमधल्या ‘जागा ओळखणाऱ्या’ पेशी जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्येच दाखवल्या होत्या. ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. या हिशेबनीसाच्या खोलीलाच आधी वाळवी लागत असेल, तर नावं विसरण्याच्या आधी वाट चुकू लागली पाहिजे. ओळखीच्या रस्त्यावर हरवणं हे या आजाराचं सुरुवातीचं लक्षण आहे, हे घरच्यांना आणि डॉक्टरांना अनुभवाने माहीत असतंच.

अडचण वेगळीच होती. वाटेची जाण माणसागणिक प्रचंड बदलते. कोणी जन्मभर दिशांत गोंधळतो, तर कोणी एकदा पाहिलेला रस्ता वीस वर्षांनी बिनचूक धरतो. साठीच्या बाईंनी एक वळण चुकवलं, तर त्या आधीपासूनच अशा की हे नवीन? हे सांगायला त्या वयाच्या, त्या शिक्षणाच्या हजारो निरोगी माणसांची कामगिरी समोर हवी. प्रयोगशाळेत एका अभ्यासाला काही डझन माणसं मिळतात, आणि त्यांतून अशी मोजपट्टी तयार होत नाही. म्हणून गेम. लोकांनी स्वखुशीने, फुकट, घरबसल्या प्रयोगात भाग घ्यावा यासाठी शोधलेली ती युक्ती होती. दोन मिनिटांचा खेळ म्हणजे प्रयोगशाळेतल्या पाच तासांच्या कामाइतका डेटा, अशी त्याची जाहिरात झाली. जाहिरातीतला हिशेब म्हणून तो थोडा सैल धरावा, पण दिशा बरोबर होती.

तीन प्रकारच्या लेव्हल, दोनच कामाच्या

गेममध्ये ७५ लेव्हल होत्या, पाच प्रदेशांत वाटलेल्या. पाच-पाचच्या गटात रचना तीच: तीन लेव्हल नकाशा पाहून वाट काढायच्या, चौथी फ्लेअरची (म्हणजे आकाशात सोडायच्या उजेडाच्या खुणेची), पाचवी पाठलागाची. होडी हाकायची पद्धत मुद्दाम साधी ठेवली होती. डावीकडे टिचकी मारली की डावीकडे वळते, उजवीकडे मारली की उजवीकडे. वेग वाढवायला बोट वर सरकवायचं.

वाट काढण्याच्या लेव्हलमध्ये नकाशा डोक्यात साठवावा लागतो आणि पाण्यावर उतरल्यावर तो फिरवून पाहावा लागतो. इथली मोजणी म्हणजे कापलेलं अंतर. फ्लेअरच्या लेव्हलमध्ये नकाशाच नाही. नदीतून वळणं घेत फ्लेअरच्या बंदुकीपर्यंत जायचं. तिथे होडीचं तोंड फिरवलं जातं आणि निघालो ती जागा कुठे आहे हे तीन दिशांतून निवडून फ्लेअर सोडायचा. कुठलीही खूण नसताना, आतापर्यंतच्या वळणांची बेरीज मनात करत परतीची दिशा धरणं: ग्रिड पेशींचं काम म्हणतात ते हेच.

पाचव्या लेव्हलमध्ये एका जलचराचा पाठलाग करून त्याचा फोटो काढायचा. शास्त्राच्या दृष्टीने या लेव्हलचा उपयोग नाही, पण त्या नसत्या तर लोक दुसऱ्या दिवशी ॲप उघडायला आले नसते. प्रयोगाला गेमचं रूप द्यायचं तर ही किंमत मोजावीच लागते: बांधणीच्या श्रमांतला मोठा वाटा ज्याचं मोजमाप होणार नाही अशा गोष्टींवर जातो.

फ्लेअरच्या कामात एक उणीव आहे आणि ती रचनेतच आहे. पर्याय तीनच, म्हणजे डोळे मिटून फ्लेअर सोडला तरी तीनातून एकदा बरोबर लागतो. सलग तीन लेव्हल निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसात एक, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आसपास. लाखभर लोकांची सरासरी काढताना हे खपून जातं. एका माणसाबद्दल काही म्हणायचं तर एक-दोन फ्लेअरवरून काहीच म्हणता येत नाही. तीनाऐवजी पूर्ण वर्तुळातली कुठलीही दिशा निवडू दिली असती तर चूक अंशांत मोजता आली असती. मात्र छोट्या पडद्यावर बोटाने नेमका कोन दाखवण्यात वेगळीच चूक शिरली असती. तीन पर्याय हा तडजोडीचा निर्णय होता आणि तो समजण्यासारखा आहे.

रेघ आणि भागाकार

होडीची जागा सेकंदाला दोनदा नोंदली जायची. एका मिनिटाची लेव्हल म्हणजे १२० बिंदू. लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची, की झाली रेघेची लांबी. होडी (१०, ४) वरून (१३, ८) वर आली, तर आडवं ३ आणि उभं ४, म्हणून अंतर ५. शाळेतलं गणित. पण हा कच्चा आकडा तसाच वापरला तर फसगत होते, आणि ही अख्खी मोजपट्टी टिकली ती ही फसगत टाळल्यामुळे.

समजा एक माणूस वाट काढण्याच्या लेव्हलमध्ये ६०० एकक अंतर कापतो आणि दुसरी बाई ६५०. पहिला सरस वाटतो. आता दोघांची सरावाची लेव्हल पाहा, जिथे थांबा समोर दिसतो आणि दिशाज्ञान लागतच नाही. तिथे त्याने २०० एकक कापले, तिने २६०. याचा अर्थ तिचं बोट पडद्यावर अडखळतं, होडी काठाला घासते, नागमोडी जाते. भागाकार केला तर त्याचे ३ येतात, तिचे २.५. वाटेची जाण तिची चांगली आहे, हात मात्र गेमला सरावलेला नाही. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेले आहेत.)

सी हीरो क्वेस्टमधल्या पहिल्या दोन लेव्हल याच कामासाठी राखून ठेवलेल्या. खेळणाऱ्याला त्या शिकवणी वाटतात. विश्लेषणात पुढच्या प्रत्येक लेव्हलचा भाजक तिथून येतो. वयस्क माणसांच्या बाबतीत हा भागाकार नसता तर स्मार्टफोनची सवय नसणं आणि मेंदूचा आजार यांत फरकच करता आला नसता. मोबाइलवरच्या मेंदूच्या चाचण्यांची जाहिरात कोणी करत असेल तर त्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा: भाजक कुठून आणला?

किती डेटा टाकून दिला

२०१८ मध्ये पहिला मोठा निकाल आला. तोवर २५ लाखांवर लोक खेळले होते, पण विश्लेषणात घेतले गेले ५,५८,१४३. म्हणजे जेमतेम पाचातला एक. निदान ११ लेव्हल पूर्ण केलेले आणि स्वतःबद्दलची माहिती भरलेले तेवढेच घ्यायचे, आणि देशही तेच ज्यांतून पुरेशी माणसं मिळाली. असे ५७ देश उरले.

अकराची अट का? फुकट ॲपचा स्वभावच असा की बहुतेक लोक दोन-चार लेव्हलनंतर निघून जातात. पुढच्या लेव्हलपर्यंत पोचतो तो चिवट, आवड असलेला, बहुधा चांगला खेळणारा. जितक्या पुढच्या लेव्हलचा डेटा घ्यावा तितका गट निवडक होत जातो. फार अलीकडे थांबावं तर लेव्हल इतक्या सोप्या की सगळेच सारखे दिसतात. अकरापर्यंत जाणं हा मधला मार्ग होता. ७५ लेव्हल बांधल्या आणि निष्कर्षाचं ओझं मुख्यतः पहिल्या अकरांनी वाहिलं, हे पुढे असा गेम बांधणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

दुसरी चाळण वयाची. दिशाज्ञान एकोणिसाव्या वर्षापासूनच हळूहळू, जवळपास सरळ रेषेत उतरत जातं, असं दिसलं. पण सत्तरीपुढे आलेख विचित्र वागू लागला. उतरण थांबल्यासारखी दिसली. ऐंशीच्या माणसाला अचानक वाटा सापडू लागल्या असं अर्थातच नाही. त्या वयात स्वतःहून मोबाइल गेम उतरवून अकरा लेव्हल पार करणारी माणसं मुळातच तल्लख असतात, आणि वयाच्या रकान्यात काहीतरी थाप मारणारेही त्यात मिसळतात. म्हणून सत्तरीपुढचा डेटा बाजूला ठेवला. कबूल करायला हवं की स्मृतिभ्रंशाचा धोका जिथे सर्वात जास्त, नेमकी तिथेच ही मोजपट्टी कोरी राहिली. फोनवरून स्वेच्छेने गोळा केलेल्या डेटाची ही मर्यादा नुसती माणसं वाढवून जात नाही. चाळीस लाखांऐवजी चार कोटी खेळले असते तरी ऐंशीच्या सामान्य आजोबांनी ॲप उतरवलं नसतंच.

देशांच्या तुलनेत दरडोई उत्पादन जास्त असलेले देश वर दिसले. पुरुष-स्त्रियांमधला फरक जगभर होता, पण जिथे स्त्री-पुरुष विषमता कमी तिथे तो फरकही लहान. बातम्यांनी यातून ‘कुठला देश हुशार’ असले मथळे काढले. यातली कामाची गोष्ट दुसरीच आहे: दोन माणसांच्या आकड्यांतला फरक आजारातून येऊ शकतो तसा तो वाढ कुठे झाली, घराबाहेर किती हिंडू दिलं गेलं यातूनही येतो. एकाच मापाने सगळ्यांना मोजलं तर निरोगी बाई आजारी ठरते.

पडद्यावरचं पाणी आणि खरा रस्ता

गेममध्ये चांगली होडी हाकणारा खऱ्या रस्त्यावर वाट काढतो का? हे तपासायला ४९ तरुणांना (वयं १८ ते ३५) गेम खेळायला दिला आणि खऱ्या रस्त्यांवरही तशाच प्रकारची कामं दिली, आधी लंडनमध्ये आणि मग पॅरिसमध्ये. नकाशा पाहून वाट काढण्यातली कामगिरी दोन्हीकडे जुळली, आणि गेममधली लेव्हल जितकी अवघड तितकी जास्त जुळली. हा तपशील महत्त्वाचा आहे. गेमची हातोटीच मोजली जात असती तर अवघड लेव्हलमध्ये खऱ्या रस्त्याशी नातं वाढायचं काही कारण नव्हतं. पण ही तरुणांवरची चाचणी होती. पासष्टीच्या माणसाबद्दल बोलताना ती जशीच्या तशी पुढे करणं बरोबर नाही.

जनुकाची कसोटी

खरी कसोटी २०१९ मध्ये लागली. एपीओई या जनुकाचं ई-४ हे रूप अंगी असलं की अल्झायमरचा धोका वाढतो. एक प्रत असेल तर साधारण तिप्पट. अशी माणसं निरोगी असतानाच शोधली, तशीच ई-४ नसलेलीही घेतली, आणि दोन्ही गटांना प्रयोगशाळेत गेम खेळवला. तुलनेला मागे ५० ते ७५ वयाच्या ब्रिटनमधल्या २७,१०८ खेळणाऱ्यांची मोजपट्टी होती.

नेहमीच्या आठवणीच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच. शब्द, गोष्टी, आकृत्या, कशातही फरक नाही. होडीच्या रेघेत मात्र फरक दिसला. ई-४ वाली माणसं थांब्यांपर्यंत पोचत होती, पण लांबून. वाट चुकली असं त्यांना वाटतही नसेल. रेघ मात्र गरजेपेक्षा लांब जात होती. हे ग्रिड पेशींच्या हिशेबात बारीक चुका होत असल्याच्या कल्पनेशी जुळतं. त्याआधी २०१५ मध्ये, हाच जनुक असलेल्या तरुणांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ग्रिडसारखा संकेत कमजोर दिसला होता आणि आभासी मैदानात ते मध्यभाग टाळून कडेकडेने जात होते.

इथे गफलत होते ती अशी: ‘गेम खेळून अल्झायमर कळतो’ असं लगेच म्हटलं जातं. तसं नाही. ई-४ असलेल्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि ई-४ नसलेल्या अनेकांना होतो. गेमने जे ओळखलं ते धोक्याच्या गटातलं सूक्ष्म वेगळेपण. पुढे कोणाला काय झालं ते नव्हे. त्यासाठी त्याच माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यावा लागतो, आणि दर वेळी त्याच लेव्हल दिल्या तर त्या पाठ होतात. वाट पाठ झाली की चाचणी संपली.

गोष्टीबद्दल थोडं

गेमला एक गोष्टही आहे. म्हाताऱ्या दर्यावर्दी बापाच्या आठवणी पुसल्या जात आहेत आणि मुलगा त्या परत मिळवायला होडी घेऊन निघाला आहे. लोकांना ती भिडली, आणि लोक आले म्हणून डेटा आला; त्याबद्दल तक्रार नाही. पण विस्मरण म्हणून पाहिलं तर ही गोष्ट खोटी आहे. या आजारात गेलेल्या आठवणी लेव्हल पार करून परत मिळत नाहीत. शिवाय विसरतो तो बाप. खेळणारा कायम शाबूत मुलगा असतो. विस्मरणाचा खराखुरा अनुभव या गेममध्ये एकदाच येतो, आणि तो गोष्टीत नसतो: नकाशा मिटल्यानंतरच्या त्या तिसऱ्या थांब्याजवळ, जिथे पाहिलेली गोष्ट पाहिली होती एवढंच आठवतं.

विस्मरण अनुभवायला लावणारा गेम बांधायचा असेल तर तिथून सुरुवात करावी. फक्त तो आणि मोजणारा गेम एकात बसत नाहीत. अनुभव द्यायचा तर जग खेळणाऱ्याशी दगा करेल असं बांधावं लागतं: दार सरकतं, खूण बदलते. मोजायचं तर जग सगळ्यांसाठी अगदी एकसारखं आणि प्रामाणिक असावं लागतं, नाहीतर चूक माणसाची की पडद्याची हे कळत नाही.

मोजपट्टीला पडलेली नवी घडी

२०२२ मध्ये याच डेटातून ३८ देशांतल्या ३,९७,१६२ लोकांचं विश्लेषण पुढे आलं. शहराबाहेर वाढलेले लोक सरासरीने वाट काढण्यात सरस निघाले. शहरांतही फरक होता: शिकागोसारख्या काटकोनी चौकटीच्या शहरात वाढलेल्यांना सरळसोट रचनेच्या लेव्हल जमत, वाकड्यातिकड्या गल्ल्यांच्या शहरातल्यांना गुंतागुंतीच्या. नदी-बेटांचा गेम शहरी माणसावर अन्याय करतो की काय, अशी शंका रास्त होती. म्हणून रस्त्यांच्या चौकटीवर बेतलेला सिटी हीरो क्वेस्ट हा जोडगेमही बांधून तपासला गेला.

याचा व्यवहारातला अर्थ असा की वय, लिंग आणि शिक्षण यांच्या जोडीला फॉर्मवर आणखी एक रकाना हवा: लहानपण कुठे गेलं. नाहीतर चौकटीच्या शहरात वाढलेल्या माणसाची लांबलेली रेघ आजाराच्या खात्यावर लिहिली जाईल.

मूळ गेम आता ॲप स्टोअरवर सर्वांना मिळत नाही. संशोधकांसाठीची आवृत्ती वापरात आहे. खेळायला देताना पहिल्या दोन लेव्हल टाळू नयेत, कंटाळा आला तरी. शेजारी बसलेल्याने ‘अहो, तिकडे नाही, इकडे’ असं म्हणायचं नाही. आणि खेळणाऱ्याने नकाशाकडे किती वेळ पाहिलं तेही टिपून ठेवावं: पाच सेकंदांत मिटवणारा आणि दोन मिनिटं बोटाने वाट गिरवणारा, दोघांची रेघ सारखी आली तरी त्यामागचं काम सारखं नसतं.